शब्दाचं कूळ विचारणारं शुद्धलेखन



पहिलीतलं पोर 'पानी' लिहितं तेव्हा ते चुकलेलं नसतं. घरात ऐकलेला ध्वनी त्यानं कानानं पकडला, त्याचं अक्षर शोधलं आणि कागदावर उतरवलं. अक्षर-ओळख शिकवायची ती याचसाठी ना? आमच्या विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात एका पोरीच्या शाळेच्या वहीत याच शब्दावर लाल फुली आणि खाली शेरा होता: अशुद्ध. तिला हवा होता फक्त आणखी एक ध्वनी. जीभ मागे वळवून टाळूला लावायला सांगितली, 'मन' आणि 'मण' पाठोपाठ म्हणून घेतले. आठवड्याभरात 'ण' कानाला कळायला लागला. त्यासाठी तिच्या आईची बोली अशुद्ध ठरवावी लागली नाही.

मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, ही शेखीही तपासून घ्या. 'सगळं जग' मधला ज वेगळा, 'मानानं जग' मधला वेगळा, अक्षर एकच. उलट 'श' आणि 'ष' बोलताना वेगळे काढणारा माणूस मला अजून भेटायचाय (शेरे मारणारे गुरुजीही त्यात आले). तक्त्यावर मात्र 'ऋ ऋषीचा' ठाण मांडून असतो.

खरी गंमत ऱ्हस्व-दीर्घाची. साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. त्यांनुसार 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ऱ्हस्व. 'शरीर' मात्र 'शरीराला' झालं तरी दीर्घच. का? तर शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, गरीब अरबीतला. म्हणजे वेलांटी कुठली द्यायची हे कान सांगत नाही, शब्दाचं कूळ सांगतं. सात वर्षांच्या पोरानं आधी शब्दाचा जातीचा दाखला काढायचा!

नियम फेकून द्या, असं मी म्हणत नाही. स्पर्धा परीक्षेत आपल्या पोरांना कोणी सूट देणार नाही. नियम यायलाच हवेत, पण नंतरच्या इयत्तांत आणि नियम म्हणूनच. पहिलीत आधी ध्वनी. आणि त्याला प्रमाणलेखन म्हणा. 'शुद्ध' हा शब्द आपल्याला नवा नाही. १९२७ साली महाडला आपण पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी चवदार तळंही 'शुद्ध' करून घेतलं होतं.

वस्त्यांत वर्ग चालवणाऱ्यांनी तक्ते स्वतः बनवावेत. 'ण'नं मराठी शब्द सुरू होत नाही. तो कणीस, दाणा, पाणी यांतून दाखवा.