तरवारीची धार आणि तंबोऱ्याची जवारी

आपल्या गांवाविषयीं बोलूं लागलें कीं मनुष्य बहुधा देवळें, घाट आणि सरदारांचे वाडे यांचीं नांवें सांगतो. तेथील दुकानांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः देवळांत आपण पर्वकाळीं जातों आणि बाजारांत रोज जातों. गांवाचा स्वभाव घडतो तो बव्हंशीं तेथील धंद्यांनीं. मिरजेंत तेहतीस वर्षें मुलांना संस्कृत व मराठी शिकवून मी निवृत्त झालों. आतां सवड आहे. म्हणून आमच्या गांवच्या एका जुन्या धंद्याची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहे. घरांत लेकीसुना गाणें शिकत असतील त्यांनीं ती अवश्य वाचावी.

मिरज हें पटवर्धनांचें ठिकाण. १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब येथून वेगळे निघाले आणि सांगली हें निराळें संस्थान झालें, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. त्या पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद वाचून वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. शास्त्रीबोवा मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृताचे शिक्षक होते. शाळेचें काम सांभाळून त्यांनीं हा डोंगर उपसला. आम्हां मास्तरलोकांना त्यांचा अभिमान वाटतो तो याचसाठीं. परंतु इतिहासाच्या पानांवर सरदार जसे ठळक उमटतात, तसे त्यांच्या तरवारींना धार लावणारे उमटत नाहींत. माझी हकीकत त्या धार लावणाऱ्यांची आहे.

त्यांना शिकलगार म्हणतात. फारसींतील ‘सैकलगर’ म्हणजे शस्त्रास झिलई देणारा. त्याचाच हा अपभ्रंश. फौजा होत्या तोंवर या लोकांना कामाची वाण नव्हती. १८१८ त पेशवाई बुडाली, लढाया थांबल्या, तरवारी खुंटीवर गेल्या आणि शिकलगारांच्या घरीं चूल कशी पेटावी हा प्रश्न उभा राहिला. मिरजेच्या दरबारीं गवयांचा राबता होता, आणि त्यांचीं वाद्यें मोडलीं तर दुरुस्त करणारें जवळपास कोणी नव्हतें. ज्याचा हात पोलादावर इतका बारीक चालतो तो लांकडावर कां चालणार नाहीं, असा विचार निघाला असावा. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं तंबोऱ्याचें काम हातीं घेतलें, आणि त्यांच्यापासून हा धंदा मिरजेंत रुजला असें मानतात. पुढें त्यांच्या वंशजांचें आडनांवच सतारमेकर पडलें. धंदा बुडाला म्हणून हातांतील कसब बुडूं द्यायचें नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मला वर्गांत सांगावयास कधीं सांपडलें नाहीं.

तंबोरा या नांवाचा संबंध कोणी तुंबुरु गंधर्वाशीं जोडतात, कोणी फारसी ‘तंबूर’शीं. आपल्या भाषेंत तुंब म्हणजे भोपळा. आणि या वाद्याचा प्राण खरोखर भोपळ्यांतच आहे. हा भोपळा खावयाचा नव्हे, कडू जातीचा. पंढरपूरकडे भीमेच्या कांठीं तो पिकतो. १९२७ सालीं पंढरपुराहून मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाईटची छोटी गाडी माझ्या लहानपणीं चालू होती. स्टेशनाबाहेर बैलगाडींत वाळलेल्या भोपळ्यांचा ढीग दिसला कीं आम्ही मुलें त्यांवर टिचक्या मारून आवाज ऐकत असूं आणि गाडीवानाच्या शिव्या खात असूं. कारागीर हा भोपळा भिजवितो, त्याचें तोंड कापून आंतून साफ करतो, आणि तोंडाचा आकार बिघडूं नये म्हणून काठ्यांचा ताण देऊन तो वाळवितो. मग गळा, दांडी, तबली, खुंट्या हीं अंगें बसवितात, नक्षी काढतात आणि लाखेचें रोगण चढवितात. दांडीला लागणारें लांकूड तुणीचें; बाजारांत त्याला लाल देवदार म्हणतात.

इतकें झालें तरी वाद्य मुकेंच असतें. त्याला वाचा देते ती जवारी. तबलीवरील घोडीचा माथा कानशीनें असा घांसावयाचा कीं तार त्याला धड चिकटूं नये आणि धड सुटूंही नये. मग तारेखालीं सुताचा एक धागा सरकवितात. तो नेमक्या जागीं येतांच तार गुंजूं लागते. केंसभर जास्त घांसलें कीं सारें फुकट. हें काम मापानें होत नाहीं, कानानें होतें.

आमच्या घरीं आजोबांनीं घेतलेला एक तंबोरा आहे. गणपतीच्या आधीं वडील तो खांद्यावर घेऊन सतारमेकर गल्लींत जात आणि मी त्यांच्या मागें जात असें. तेथील वृद्ध कारागिराला आम्ही चाचा म्हणत असूं. “या मास्तर, बसा,” एवढें बोलून ते घोडी उतरवीत आणि पुढें तासभर दुकानांत कानशीखेरीज दुसरा आवाज नसे. एकदां वडिलांनीं मजुरी विचारली तेव्हां चाचा म्हणाले, “आधीं ऐका तरी. पसंत नसेल तर कसली मजुरी?” आमच्या आरतीचा तंबोरा दर्ग्याला मानणाऱ्या माणसाच्या हातून बोलता होऊन येई, आणि यांत कांहीं विशेष आहे असें गल्लींत कोणाला वाटत नसे.

मिरजेला दूरदूरचे लोक येत, याचीं दोन कारणें होतीं. एक म्हणजे १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं सुरू केलेलें मिशनचें इस्पितळ; त्याच्या आधारानें खानावळी, औषधांचीं दुकानें आणि टांगेवाले जगले. दुसरें कारण गाणें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें शिकवीत आणि विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच त्यांच्यापाशीं घडले. अब्दुल करीम खांसाहेबांनीं तर मिरजेलाच घर मानलें. १९३७ सालीं मद्रासकडे प्रवासांत त्यांचें देहावसान झालें, तेव्हां त्यांना आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत विसावा दिला. दर्ग्याच्या उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. एका गल्लींत वाद्य तयार व्हावें आणि जवळच्याच आवारांत तें वाजावें, असा योग फार थोड्या गांवांच्या नशिबीं असतो.

आतां थोडें अवघड बोलतों. बरींच वर्षें झालीं. त्या गल्लींतील एक गृहस्थ माझ्याकडे शाळेंत आले. मुलगा दहावींत चांगल्या गुणांनीं पास झालेला. “मास्तर, याला पुढें शिकवूं, कीं दुकानांत बसवूं? तुम्ही म्हणाल तसें.” मी मुलाकडे पाहिलें. त्याच्या बोटांना कानशीचे घट्टे पडूं लागले होते आणि गणितांत तो वर्गांत पहिला होता. मी म्हणालों, “शिकवा.” तो इंजिनियर झाला, दूर शहरांत राहतो, सणाला आईबापांस भेटावयास येतो. माझा सल्ला योग्यच होता असें मी आजही म्हणेन. विद्येची वाट अडविणें हें मास्तराचें काम नव्हे. पण त्या दुकानांतील एक बैठक रिकामी राहिली, हेंही तितकेंच खरें. आपलीं मुलें कचेरींत पाठवावयाचीं आणि दुसऱ्यांच्या मुलांनीं मात्र परंपरा जपावी अशी अपेक्षा करावयाची, हा न्याय मला मान्य नाहीं. मुलगा दुकानांत बसावा असें वाटत असेल, तर बसण्याजोगें दुकान चाललें पाहिजे. आणि दुकान चालविणें हें गिऱ्हाइकाच्या हातीं असतें.

गिऱ्हाईक मात्र पांगत आहे. प्रथम विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी आली. आतां तर तंबोरा मोबाइलमध्येंच मावतो. हस्तिदंत व सांबरशिंग यांवर कायद्यानें बंदी आली, तीही योग्यच. कारागिरांनीं दुसरे पदार्थ शोधले. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हां सर्वांस आनंद झाला. परंतु मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. हाताचें रक्षण काम मिळाल्यानेंच होतें.

गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्याच घरांत आला. पुतण्या म्हणाला, “काका, तंबोरा कोनाड्यांत धूळ खातो आहे. सुमी मोबाइलवर रियाज करते. कोणाला तरी देऊन टाकूं या.” धाकट्या बंधूंनाही तें पटलें. वहिनी मात्र म्हणाल्या, “देण्याआधीं एकदां जवारी तरी काढून आणा.” मी सुमीला घेऊन गल्लींत गेलों. चाचा केव्हांच गेले. त्यांचा नातू कानस घेऊन बसला होता. तासाभरानें तारा बोलूं लागल्या. सुमी प्रथम नुसती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “आजोबा, हा आवाज तारेंतून येतोय असं वाटतच नाहीं.”

तेव्हांपासून ती रोज अर्धा तास तंबोरा जुळविते आणि कधीं कधीं गाते मात्र दहाच मिनिटें. तिची आई कुरकुर करते कीं यांत वेळ जातो. मी तिला सांगतों, “सूनबाई, तो अर्धा तास हाच तिचा धडा आहे.” पेटींत सूर आयता मिळतो, तंबोऱ्यांत तो शोधावा लागतो, आणि शोधतां शोधतां कान तयार होतो. प्रवासांत पेटी अवश्य वापरावी. माझा तिच्याशीं वाद नाहीं.

वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर किंवा कोनाड्यांत असा एखादा तंबोरा पडून असेल. भोपळ्याला तडा गेला असेल तरी तो बहुधा सांधतां येतो. तो विकण्यापूर्वीं किंवा दिवाणखान्यांत शोभेला टांगण्यापूर्वीं एकदां जाणत्या कारागिराकडे न्यावा, शेजारीं बसून जवारी काढतांना पाहावी, मजुरींत घासाघीस करूं नये, आणि घरांतील एखादें मूल बरोबर न्यावें. मिरजेस येणें झाल्यास गल्ली कोणीही दाखवील. आणि आमच्या घरीं चहाला यावें, हें सांगणें नलगे.