पिंबऱ्या कुठे टुमकत होत्या?

‘चिरमट पिंबऱ्या गुळक्यात टुमकत होत्या.’ आता प्रश्न. पिंबऱ्या कुठे टुमकत होत्या? गुळक्यात. पिंबऱ्या कशा होत्या? चिरमट. दोन प्रश्न, दोन बरोबर उत्तरे, दोन गुण. पिंबरी म्हणजे काय ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. वाक्य आम्हीच रचलेले असल्यामुळे आम्हालाही नाही.

नववीच्या वर्गात दरवर्षी आम्ही हे वाक्य फळ्यावर लिहितो. मुले-मुली पोट धरून हसतात. मग इंग्रजीचा उतारा हातात पडतो आणि तीच मुले नेमके तेच करू लागतात. प्रश्नातला ठळक शब्द पाहायचा, तो उताऱ्यात शोधायचा, सापडला की पूर्णविरामापर्यंतचे सगळे वाक्य उतरवून काढायचे. उताऱ्यात कोणी मेले की जन्मले याच्याशी देणेघेणे नाही.

आमचे बी.एड. उर्दू आणि मराठीचे; पण लहान शाळेत इंग्रजीचे तासही वाट्याला येतात. सोलापुरातल्या आमच्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठीत भाव करतात. तीन भाषा सहज पेलणाऱ्या या लेकरांना चौथी का जड जावी? महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे दहावीला येईपर्यंत नऊ वर्षे ती कानावर पडलेली असते. तरी पालकसभेत अम्मी मंडळींचे एकच वाक्य ठरलेले : “हमकू अंग्रेजी नहीं आती, हम क्या पढ़ाना?”

इंग्रजी येत नसली तरी अम्मीला करता येण्यासारखे बरेच आहे. त्यासाठी दहावीचा उतारा कसा विचारतात ते माहीत असावे. एका उताऱ्यावर साधारण पाच कृती असतात. पहिली सरळ माहितीची, तिथे पिंबऱ्यांची युक्ती चालते. दुसरीत माहिती जोडून, कारण शोधून लिहायचे असते. युक्ती इथेच लंगडू लागते. तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची. पाचवीत विचारतात, तुला काय वाटते? तिचे उत्तर उताऱ्यात कुठेच नसते. आणि नेमकी हीच जागा आमच्या मुली कोरी सोडतात.

व्याकरणाचे म्हणाल तर मुले सूत्रे पाठ करतात. कर्ता मागे, कर्म पुढे, मध्ये ‘बाय’ घाला, झाले पॅसिव्ह. पण हे कशासाठी असते, ते कोणी सांगत नाही. आम्ही रेशन दुकानाच्या दारावरची पाटी आठवायला सांगतो. ‘सर्व कार्डधारकांना कळविण्यात येते की...’ कोण कळवते? पाटी सांगत नाही. उर्दूतही ‘इत्तिला दी जाती है’. करणारा माहीत नसतो, महत्त्वाचा नसतो किंवा त्याला नाव पुढे करायचे नसते, तेव्हा ही रचना कामी येते. सरकारी कागदांना ती इतकी का आवडते, हे मग मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी जुनी खोड ‘डिड यू वेंट’. मराठीत ‘तू गेलास का?’ मध्ये ‘का’ शेवटी बसतो, उर्दूत ‘क्या’ सुरुवातीला. दोन्ही शब्द क्रियापदाला हात लावत नाहीत, ‘गेलास’ तसेच राहते. इंग्रजीतला ‘डिड’ मात्र पुढे येताना भूतकाळ स्वतःच्या खांद्यावर घेऊन येतो. मागे उरते नुसते ‘गो’. एका वाक्यात भूतकाळाचे ओझे दोघांनी कशाला वाहायचे?

आणि ‘द’. मराठीत नाही, उर्दूच्या रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून मुले तो मिठासारखा वाटेल तिथे भुरभुरतात. पण मकतबात जाणाऱ्या मुलाला त्याचा भाऊ चांगला ओळखीचा आहे. अरबीतला ‘अल’! इंग्रजीत ‘द सन’, अरबीत ‘अश-शम्स’. इंग्रजीत ‘द मून’, अरबीत ‘अल-कमर’. हे सांगितले की मागच्या बाकावरही माना वर होतात. भाऊ सख्खे नाहीत, हेही लगेच सांगावे लागते. ‘अल-हम्द’ म्हणतात म्हणून इंग्रजीत ‘प्रेज’च्या आधी दरवेळी ‘द’ लागत नाही.

आता अम्मींच्या प्रश्नाकडे. मूल उतारा वाचून झाले की त्याला इतकेच विचारायचे : “क्या हुआ उसमें? मेरेकू बता.” दखनीत सांगू दे, मराठीत सांगू दे. कोण होते, काय घडले, का घडले. मूल अडखळले तर समजावे, उतारा डोळ्यांखालून गेला, डोक्यात शिरला नाही. त्यासाठी हातातले विडीचे सूप बाजूला ठेवायचीही गरज नाही. पाने कापता कापता ऐकता येते. काही घरांत हे सुरू झाले आहे. त्या मुलांची दुसरी कृती सुधारलेली आम्हाला वह्यांतून कळते.

पाचव्या कृतीचे काय? गेल्या वर्षी आम्ही एक उतारा रचून दिला. एक आजोबा नातीच्या फीसाठी घरातला एकुलता एक बैल विकतात. नात शहरातून येते, गोठा रिकामा पाहते आणि रडते. शेवटचा प्रश्न : आजोबांनी केले ते बरोबर होते, असे तुला वाटते का? बहुतेकांनी ‘येस, ही इज गुड मॅन’ लिहून सुटका करून घेतली. एका मुलीने लिहिले, ‘ग्रँडफादर लव्ह गर्ल. बट ही नॉट आस्क गर्ल. फर्स्ट आस्क.’

व्याकरण पाहाल तर तिन्ही वाक्यांत चुका. आम्ही लाल शाईने ‘लव्ह्ज’ केले, ‘डिड नॉट आस्क’ केले, ‘फर्स्ट’च्या पुढे ‘ही शुड’ घातले आणि मताचे गुण पूर्ण दिले. कारण उतारा तिला कळला होता, वर्गात इतर कोणाहीपेक्षा जास्त. त्याच महिन्यात तिच्या घरी तिची शाळा दहावीनंतर थांबवायची की कसे, याची बोलणी चालली होती. तिला त्यात कोणी बोलावलेले नव्हते.

पालकसभेला तिची अम्मी आली तेव्हा आम्ही ते उत्तर दखनीत वाचून दाखवले. ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. “उने खुद लिखी क्या, मॅडम?” आम्ही हो म्हटले. तिने वही मिटली, पदराखाली धरली आणि विचारले, “एक रोज के वास्ते घर को लेके जाऊँ? इसके अब्बा को बताती.”