तांबड्याची फेरी

शहरातली माणसे संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला नेतात, असे मी पुस्तकात वाचले होते. पुढे एका लग्नासाठी पुण्याला गेले तेव्हा ते डोळ्यांनी पाहिलेही. गळ्यात पट्टा, पट्ट्याला साखळी आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला मालक! आमच्याकडे पट्टा नाही, साखळी नाही आणि खरे सांगायचे तर मालकही नाही. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत रोज दिवेलागणीला तांबड्या नावाचा कुत्रा मला फिरवायला नेतो. म्हणजे निघते मी, अभ्यासिकेसाठी मुले गोळा करायला. तो फक्त पुढे चालतो. पण गावात बोलणे असेच आहे, "निघाला बघा तांबड्या, ताईला घेऊन."

आमचे गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या माथ्यावर. जमीन मुरमाड आणि पाऊस त्याच्या मर्जीचा. याच डोंगरात मांजरा उगम पावते. पण ती नदी म्हणावी अशी होते खाली गेल्यावर. धनेगावला तिच्यावर धरण आहे आणि त्याचे पाणी लातूरपर्यंत जाते. उगमाच्या गावांनी मात्र टँकरची वाट पाहायची. दसरा झाला की आमच्याकडे सामान बांधायला सुरुवात होते. उचल बहुतेकांनी पावसाळ्यातच घेतलेली असते. कुणी पेरणीला, कुणी दवाखान्याला, कुणी लेकीच्या लग्नाला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादमाच्या वहीत माणसे नसतात, कोयते असतात. आता अशा हिशेबात मूल म्हणजे कितवा भाग, हे गणित मला अजून कुणी सोडवून दिलेले नाही.

आजी सांगते, तिच्या वेळी बैलगाड्या पायी जायच्या. ७२ च्या दुष्काळात ती कोवळी पोर होती. आधी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि मग घरच्यांबरोबर गाडीमागे चालत ऊस तोडायला गेली. "तव्हा कुत्री बी येत व्हती माय, गाडीखालच्या सावलीनं." गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटते की गाडी आपणच ओढतो, अशी एक म्हण आहे. बढाईखोर माणसाला ती ऐकवतात. मला त्या कुत्र्याचा राग येत नाही. निदान तो बरोबर तर जात होता! आता ट्रक येतो, ट्रॅक्टर येतो. भांडी, अंथरुणे, शेळी, कोंबड्या, तान्ही मुले असे सगळे वर चढते आणि कुत्रा खाली राहतो. गाडी निघाली की फाट्यापर्यंत धावतो आणि परत येऊन कुलपासमोर बसतो.

तांबड्या असाच मागे राहिलेला. वेशीजवळच्या एका घरातला. पहिले आठ दिवस तो उंबऱ्यावरून हलला नाही. आजी त्याच्यापुढे शिळी भाकरी टाकायची आणि म्हणायची, "नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले कुत्र्यामागं. आपल्याकडं तूप न्हाई बाबा, कोरडीच खा." नवव्या दिवशी तो उठला आणि माझ्या पुढे चालू लागला.

ही फेरी माझी नव्हे. ती आमच्या शाळेतल्या एका गुरुजींची. मी दुसरीत असताना एक हंगाम फडात काढला होता. पाचट गोळा करायची, पाणी आणून द्यायचे आणि उरलेल्या वेळी धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन उभे राहायचे. तिसरीच्या वर्षी गुरुजी आमच्या दारात आले. त्यांनी शिक्षणाचे महत्त्व वगैरे काही सांगितले नाही. वडिलांना एवढेच म्हणाले, "हिची भाकरी शाळा करील, झोपेल आजीजवळ. संध्याकाळी मी स्वतः येऊन बघून जाईन." आणि खरेच यायचे. त्या योजनेला सरकारी भाषेत 'हंगामी वसतिगृह' म्हणतात. नाव वसतिगृह असले तरी आमच्याकडे इमारत नाही. मुले शाळेत दोन वेळा जेवतात आणि आजी-आजोबांकडे किंवा चुलत्यांकडे झोपतात. तेव्हा वसतिगृह म्हणजे काय, तर संध्याकाळची ती फेरी. कुणाला ताप आहे, कुणाची आजी आंधळी झाली आहे, कुणाच्या घरात चूल पेटली नाही, हे गुरुजींना दारात उभे राहिल्यावर कळायचे. हजेरीपटात याला रकाना नाही. पुढे त्यांची बदली झाली. बारावी झाल्यावर शाळेने मला विचारले आणि मी हो म्हटले. सकाळच्या एस.टी.ने कॉलेज, संध्याकाळी ही फेरी, आणि रात्री साडेआठपर्यंत तिसरी ते सातवीच्या पोरांचा अभ्यास.

आजीने आधी नकारच दिला होता. पोरगी अंधाराची एकटी हिंडते म्हटल्यावर लोक बोलणार. शिवाय बिबट्या. २०२० च्या नोव्हेंबरात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. पुढे डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्याला गोळी घातली, तोवर आमच्या गावातही दिवस मावळला की दारे बंद होत. मी तेव्हा आठवीत होते. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. पण तांबड्या पुढे चालायला लागला आणि आजीची भाषा बदलली. "कुत्रं हाय ना संगं? मग जा." बिबट्यापुढे कुत्रा काय करणार? बिबट्या तर कुत्राच आधी उचलतो. आजीला ते ठाऊक नाही असे नाही. पण तिला हो म्हणायला काहीतरी आधार हवा होता, आणि लोकांना गप्प बसायला.

फेरीचा रस्ता मी ठरवलेला नाही. तो तांबड्याने ठरवला आहे. आधी मारुतीचे देऊळ, मग वरची आळी, मग वस्तीवरची चार घरे आणि परतताना वेस. वेशीजवळ तो स्वतःच्या दारात जातो, कुलपाचा वास घेतो आणि बसतो. आम्ही थांबतो. दहा-बारा मुले, दोन बॅटऱ्या आणि मी. तिसरीतला एक मुलगा आहे, चुलतीकडे राहतो. पहिल्या दिवशी तो तांबड्याला हसला, "येडं हाय, घरात कुणी न्हाई तरी बसतंय." पण त्याचेही घर वाटेवरच आहे. तिथून जाताना तो रोज हात लांब करून कुलूप एकदा हलवून बघतो आणि पळत येऊन आम्हाला गाठतो. त्यावर कुणी हसत नाही. इतर मुलांचीही आपापली कुलपे आहेत.

अभ्यासाचे म्हणाल तर पुस्तकातल्या गणितापेक्षा मुलांना आपले गणित लवकर कळते. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली. एक टन ऊस तोडायचे ३६६ रुपये धरा. एका कोयत्याने ८०,००० रुपये उचल घेतली. दिवसाला दोन टन ऊस तोडला तर उचल किती दिवसांत फिटेल? पाचवीतल्या मुलाने पाटीवर भागाकार मांडला. २१८ टनांच्या वर गेले, म्हणजे ११० दिवस. मी शाबास म्हणणार, तोच मागून आवाज आला, "अन् खाडा?" फडात कामाचा दिवस चुकला तर त्याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. आई आजारी पडली तरी खाडा. शाळेतल्या गैरहजेरीलाही आमच्याकडे खाडाच म्हणतात. मुलांनी मग खाडे धरून गणित पुन्हा मांडले. किती खाडे धरायचे यावर भांडण झाले. ज्याची आई नेहमी आजारी असते तो गप्प होता.

दुसरा आवडता विषय कुत्र्यांचा. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावाची बातमी देशभर गाजली होती. माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर, घरावर नेतात आणि पिल्ले खाली पडून मरतात. वनखात्याने शेवटी दोन माकडे पकडली. पण बातमीतला आकडा फुगत फुगत अडीचशेवर गेला, आणि एवढ्या गावात अडीचशे पिल्ले आली कुठून, हे फारसे कुणी विचारले नाही. मी मुलांना म्हटले, आपण आपल्या गावातली कुत्री मोजू. रविवारी निघालो. पहिल्या मोजणीत ४१, दुसऱ्या मोजणीत ३४, कारण पहिल्या वेळी तांबड्या सगळ्या गल्ल्यांत आमच्याबरोबर होता आणि प्रत्येक गटाने त्याला मोजले होते! आकडा कसा फुगतो हे मुलांना असे समजले. त्याच ओघात कुत्रा चावला तर काय करायचे हेही सांगितले. जखमेत हळद-मिरची भरायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. पोटात चौदा इंजेक्शने देण्याचे दिवस गेले, आता ती दंडात देतात. हे ऐकून एका आजोबांनी मुलाकरवी निरोप पाठवला की, मला चौदा घेतली होती, तेव्हा ताईने फुकट मिळाल्यासारखे बोलू नये.

या मोजणीची वही सातवीतल्या एका मुलीकडे होती. अक्षर मोत्यासारखे, आणि स्वभाव असा की शेवटचे पोर दारात पोचेपर्यंत बॅटरी खाली करायची नाही. आजीजवळ राहायची. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तांबड्या तिच्या दारात थांबला आणि ती बाहेर आली नाही. आजी उंबऱ्यात बसली होती. "नेली माय रातच्याला. बाप आला व्हता टेम्पोत." तिची आई मार्गशीर्षात कोपीवरच बाळंत झाली होती. आता ती पुन्हा फडात जाते आणि बाळ उसाच्या बांधावर असते. मी कायद्याचे बोलू लागले, की सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेचा हक्क आहे, २००९ चा कायदा आहे. आजीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आन् बाळाला कोन धरायचं?"

मी तिथे उभी राहिले. तांबड्या आत जाऊन अंगण हुंगून आला. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, कायद्याजवळही त्या दारापुरते नव्हते. आम्ही गावात मुली थांबवण्यासाठी जिवाचे रान करतो. भाकरी देतो, अभ्यास घेतो, फेऱ्या मारतो. पण सातवीच्या वर्गातली रिकामी जागा तिकडे फडावरच्या बाळापासून सुरू होते. फडाजवळ बाळ ठेवायला एक सावलीची जागा आणि एक पगारी बाई असती, तर ती रात्रीची गाडी गावात आलीच नसती. मुलीच्या बापाला दोष द्यावा तर तोही टनाचा आणि खाड्याचा हिशेब करत होता. तो आमच्याच पाटीवर आम्ही मांडला होता.

सातवीत कुणी नापास होत नाही. म्हणजे ती आठवीत जाईलच, कागदावर. पण २०२३ पासून पाचवी आणि आठवीला पास-नापास पुन्हा आले आहे, आमची शाळा सातवीपर्यंतच आहे आणि आठवीसाठी पाच किलोमीटर जावे लागते. शिवाय आठवीचे वर्ष म्हणजे आमच्याकडे स्थळे यायला लागण्याचे वर्ष. कायद्यात अठरा लिहिले आहे खरे. बाहेरच्यांना हे सगळे वेगवेगळे प्रश्न वाटतात. आमच्या आळीत ते एकाच दारातून आत येतात.

तिच्या बापाचा फोन नंबर मी आजीकडून घेतला. कृष्णाकाठच्या एका कारखान्यावर त्यांची टोळी आहे. पहिल्या दिवशी त्याने फोन कापला, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी उचलला आणि रागावल्यासारखे म्हणाला, "बोला तिच्याशी. पर गाडी भरायला आली तर ठेवावा लागंल." गाडी कधी रात्री नऊला येते, कधी दोनला. तेव्हा आमच्या वर्गाला वेळापत्रक नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन बोलते. बाळ रडले की मी थांबते, निजले की पुढे सांगते. बापही जवळच बसलेला असतो असे वाटते, कारण परवा सोळाचा पाढा चुकला तेव्हा तो मागून बरोबर बोलला.

तिला आधी गावच्या बातम्या लागतात. कुणाची गाय व्याली, तिसरीतला तो मुलगा कुलूप अजून हलवतो का, कुत्री आता ३४ च आहेत का. मी सांगितले, ३९, वरच्या आळीतल्या कुत्रीला पाच पिल्ले झाली आहेत. "लिव्हलं का वहीत?" लिहिले नव्हते; वही तिच्या आजीच्या फडताळात होती. दुसऱ्या दिवशी ती मागून घेतली आणि आकडा चढवला.

हे लिहिताना माघ चालू आहे. टोळी होळीनंतर येईल, ऊस लांबला तर पाडव्यानंतर. तिचा इंग्रजीचा एक धडा अर्धाच लिहून झाला आहे. उरलेला मी रोज चार ओळी सांगते आणि ती गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उतरवून घेते. काल दोनच ओळी झाल्या, गाडी आली.