वीतभर काळी माती

सुरत म्हटले की साड्या आणि हिरे आठवतात. मी मात्र मांगरोळ तालुक्यातील वस्तानला लिग्नाइटची खाण पाहिली. तिथल्या थरांत पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वटवाघळांचे अवशेष सापडले आहेत. माझे लक्ष होते वरच्या काळ्या मातीकडे. कन्नडमध्ये आपण जिला एरेमण्णु म्हणतो.

खाणकामाआधी जागोजागी खड्डे घेऊन मातीची जाडी, चुना, क्षार तपासावे लागतात. मग ती वेगळी काढून बुटक्या ढिगांत ठेवायची. उंच ढिगात हवा कोंडून जीवाणू मरतात. खड्डा भरल्यावर तीच वर पसरली, तर गवत धरते. मुरमाखाली गाडली गेली, तर खड्डा बुजतो, पण शेत परतत नाही.

आपल्या डोंगरांवरही बॉक्साइट निघते. तिथे एवढेच विचारावे: वरची माती कुठे ठेवली?