उजळ म्हणजे गोरे नव्हे

उतारवयात प्रसाधन कशाला, असा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. केस रंगवलेले चालतात. पण सत्तरी उलटलेल्या बाईने चेहऱ्याला काही लावले की भुवया उंचावतात. माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई गालांवरच्या वांगामुळे फोटोच्या वेळी मागच्या रांगेत सरकू लागल्या होत्या. नातीच्या साखरपुड्याआधी त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "अगं, हे डाग जरा झाकता येतील का?" आपल्या घरी असा प्रश्न आला, तर तो थट्टेवारी नेऊ नका. त्यामागे चारचौघांत मिसळण्याची इच्छा असते.

मात्र डाग झाकणे वेगळे आणि गोरे होणे वेगळे. 'उजळ माथ्याने' म्हणताना आपण कातडीचा रंग पाहत नाही. प्रसाधनातही उजळपणाचा अर्थ तेवढाच घ्यावा. झटपट गोरेपणा देणाऱ्या काही क्रीममध्ये पारा किंवा स्टिरॉइड आढळते. पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा होते. स्टिरॉइडने वयोमानाने पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. म्हणून घटक न छापलेली डबी घेऊच नये.

जो डाग वाढतो, रंग किंवा आकार बदलतो, ज्यातून रक्त येते, तो झाकण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. नवे प्रसाधन आधी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस वाट पाहावी.

वयाबरोबर त्वचेतील तेल कमी होते. कोरड्या चेहऱ्यावर पावडर थापली की ती सुरकुत्यांत साचते आणि वय अधिकच दिसते. म्हणून प्रथम मॉइश्चरायझर लावून पाच-दहा मिनिटे थांबावे. दिवसा बाहेर जायचे असल्यास त्यावर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन हवेच, कारण उन्हाने वांग गडद होतो. फाउंडेशन क्रीमसारखे किंवा पातळ घ्यावे. त्याची छटा मनगटावर न पाहता जबड्याच्या कडेला, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहावी. जी त्वचेत मिसळून दिसेनाशी होते, ती आपली. डोळ्यांखालच्या काळेपणावर आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर कणभर टिपावा. सारे बोटाने हलकेच थोपटावे, चोळू नये. थर जितका पातळ, तितका चेहरा आपला वाटतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यांजवळ काहीही लावू नये.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. हात थरथरत असतील तर मदत जरूर करा. पण आरसा त्यांच्या हाती द्या आणि प्रत्येक पायरीला त्यांची पसंती विचारा. किती झाकायचे आणि किती राहू द्यायचे, हे त्यांनीच ठरवावे. सासूबाईंनी गालावरचा वांग झाकून घेतला; हनुवटीवरचे गोंदण मात्र झाकू दिले नाही. "ते माझ्या आईने हौसेने काढून घेतलंय," म्हणाल्या.

डॉक्टरांकडे जाताना मात्र चेहरा कोरा ठेवावा. फिकटपणा वा निळसर झाक त्यांना दिसली पाहिजे. रात्री झोपण्यापूर्वी मऊ कापडाने सारे प्रसाधन अलगद पुसून, कोमट पाण्याने तोंड धुऊन पुन्हा मॉइश्चरायझर लावावे. या शेवटच्या पायरीचा कंटाळा करू नये.