एमजीबीचं माहेर

ऑक्सफर्डला नोकरी, म्हणजे थेम्सकाठचं अ‍ॅबिंग्डन दहा-बारा किलोमीटरवर. एमजीबीचं हे माहेर. कारखाना १९८०मध्ये बंद झाला. माझी १९६५ची गाडी घेऊन पोचलो. इंजिन १७९८ सीसीचं, झक्कास! पण गिअर चारच, त्यात पहिल्याला सिंक्रोमेश नाही. घाई केली की करकर दात खाते. १९६७ अखेरीस आलेला सुधारित गिअरबॉक्स आकाराने मोठा, पत्रा कापावा लागेल. छे! फोर्डचा पाच गिअरवाला? हायवेला मस्त. पण काउंटी हॉल म्युझियममधली १९८०ची एमजीबी पाहिली आणि मन फिरलं. कारखाना जादा पैसे घेऊन द्यायचा, तो ओव्हरड्राइव्हवाला जुना बॉक्सच शोधतोय आता. तिसऱ्या-चौथ्यात स्विच दाबला की इंजिन निवांत. पहिला गिअर कुरकुरेल, कुरकुरू दे.