मुक्ता साळवेचा निबंध छापणारे मिशन आणि आपली जबाबदारी

चर्चचा विषय निघाला की आपले काही कार्यकर्ते दोन शब्दांत निकाल लावतात : 'आमिषाचे धर्मांतर'. मी अर्धापूरचा बौद्ध कार्यकर्ता आहे. मला हा निकाल मान्य नाही, कारण धर्म बदलला म्हणून आपल्या आजोबांनीही टोमणेच ऐकले आहेत.

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) इतिहास पाहा. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ मध्ये काम सुरू केले. ज्या काळात महार-मांगांच्या मुलांना शाळेची पायरी बंद होती, त्या काळात या मिशनने त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. सिंथिया फरार यांनी तिथे मुलींना शिकवले. मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ मध्ये याच 'ज्ञानोदय'ने छापला. पुढे १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभे केले.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. चर्चमध्ये गेल्याने जात संपली नाही, हेही खरे. बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजातल्या जातिभेदावर स्पष्ट लिहिले आहे. पण जात चर्चमध्येही टिकली असेल, तर ख्रिस्ती दलिताचे संरक्षण कोणत्या न्यायाने काढून घेतले?

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद वाचा. त्याने हिंदू धर्माबाहेर गेलेल्यांना यादीतून वगळले. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांना १९९० पर्यंत, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे, झगडावे लागले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेरच आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. ती लागू झाली नाही. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला.

जातीच्या दाखल्यासाठी मदत करताना एक ख्रिस्ती तरुण मला म्हणाला, "दादा, गावात मला आजही जुन्याच जातीने हाक मारतात. कागदावर मात्र मी ओबीसी." मारहाण झाली तर ॲट्रॉसिटीचा कायदा त्याच्यासाठी नाही. राखीव मतदारसंघातून त्याला उभे राहता येत नाही.

'आपला वाटा कमी होईल' ही भीती मी ऐकली आहे. त्यावर उत्तर आहे : लोकसंख्येनुसार कोटा वाढवून मागा. पण १९९० पूर्वी जो अन्याय आपण भोगला, तोच दुसऱ्याच्या वाट्याला येताना गप्प बसणे आंबेडकरवाद्याला शोभत नाही. पुढच्या निवेदनात तिसरा परिच्छेद रद्द करण्याची मागणी आपणच लिहूया.

जय भीम!